वाशिमला उगंच

माझ्या जन्मात मी एकदाच उगंच कुठंतरी गेले. कोणी मेलं नव्हतं, कोणाचं लगीन नव्हतं, नवस फेडायचा नव्हता, बाळंतीण बघायची नव्हती. नुसतं जायचं, बघायचं, परत यायचं. आमच्या गावात, साखऱ्यात, ही बातमी फुटली तेव्हा आडावरच्या बायांनी भरलेल्या कळश्या खाली ठेवल्या. एकीनं विचारलं, "कोण गेलं गं माय?" म्हणलं, कोणी न्हाई. "मंग कोणाचं ठरलं?" कोणाचंच न्हाई. "मंग काहून चालल्या?" म्हणलं, उगंच. मला बाहेरचं काहीतरी लागलंय अशी ती माझ्याकडं बघत राहिली.

माझं माहेर वसमतकडलं. तिथून लगीन होऊन साखऱ्याला आले आणि या दोन गावांच्या मधली वाट हेच माझं जग झालं. त्या वाटेनं मी पुष्कळदा गेले, पण कधी हसत गेले असं आठवत न्हाई. बाळंतपणाला गेले, बापाच्या दहाव्याला गेले, भावाच्या भांडणाला गेले. गाडीत बसलं की डोळ्याला पदर, हे ठरलेलं. वाटेत ओढा लागायचा, पळस फुललेला असायचा, पण रडणाऱ्या बाईला पळस दिसत असतो का? मला एकदा कोरड्या डोळ्यानं कुठंतरी जायचं होतं. एवढंच. पण एवढंच मागायला मला लग्नानंतर किती वर्षं लागली.

एका साली कापूस चांगला पिकला. मालक खुशीत होते. जेवताना म्हणले, "तुला काय पायजे ते सांग." त्यांना वाटलं, लुगडं म्हणंल. मी म्हणलं, "मला कुठंतरी उगंच न्या."

"उगंच म्हंजे? काहून?"

"काहून नसलं म्हंजेच उगंच."

त्यांचा घास हातात राहिला. पण शब्द दिला होता, आणि आमच्या मालकाचा शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी म्हणले, वाशिमला जाऊ.

आता वाशिम म्हणजे काही विलायत नव्हे. पण तेव्हा आमी निजामाच्या राज्यात, मोगलाईत होतो, आणि कनेरगावच्या नाक्यापलीकडं इंग्रजाचा अंमल. नाक्याच्या अलीकडची बाभळ आमची, पलीकडची इंग्रजाची. तिकडला रुपया वेगळा, शिपायाचा डगला वेगळा, कायदा वेगळा. तिकडं आमची ओळखपाळख कोणाशी न्हाई, पावणा न्हाई, सोयरा न्हाई. म्हणून तर मी हरखले होते. आणि म्हणूनच मालक धास्तावले होते.

हा माणूस भित्रा होता असं कोणी म्हणू नये. बिथरलेला बैल शिंगाला धरून बसवायचा. कडब्यात साप निघाला तर शेपटाला धरून बांधापलीकडं फेकायचा आणि हात धोतराला पुसायचा. पण अनोळखी माणूस समोर आला की याची मिशी खाली. सापाचं माहीत असतं तो काय करणार, माणसाचं न्हाई, असं त्यांचं म्हणणं. त्यात भर पडली आमच्या मामासासऱ्यांची.

मामासासरे एकदा अकोल्याला जाऊन आलेले. गावात परदेश पाहिलेला तेवढा एकच माणूस. जाताना डोक्यावर लाल पागोटं होतं, येताना बोडके आले. तेव्हापासून ते इंग्रजी मुलखातल्या चोरांवर बोलायचे आणि लोक पारावर बसून ऐकायचे. आमची बातमी कळताच आले, ओसरीवर बसले, पान मागितलं आणि सुरू झाले.

"बायकोला घिऊन चालला व्हय? बराबर इचार केला का? तिकडं लोक गोड बोलत्यात. गोड बोलला की समजायचं, चोर. पेढा देत्यात, पेढ्यात धोतरा. खाल्ला की माणूस आडवा. जागा व्हतो तवा अंगावर लंगोटी बी न्हाई."

"अरे बाप रे," मालक म्हणले.

"बाया तर लई बेकार. ताई ताई म्हणत जवळ येत्यात. कानातलं कवा काढलं ते कानाला कळत न्हाई."

मी चुलीपाशी भाकरी थापत होते. मला राहवलं न्हाई. म्हणलं, "मामा, तुमचं पागोटं कसं गेलं मंग? तुमी बी पेढा खाल्ला का?"

"पोरी, तुला कळायचं न्हाई ते," असं म्हणून त्यांनी पान थुकलं. उंटावरचा शहाणा! पण मालकाच्या चेहऱ्यावरनं मला कळलं की माझं उगंच आता धोक्यात आहे.

चार दिवस घरात दुसरा विषय न्हाई. सगळ्यात मोठा प्रश्न माझ्या दागिन्यांचा. हातातल्या पाटल्या आणि गळ्यातली एकदाणी, एवढंच माझं सोनं. अंगावर घालून न्यावं तर तिकडचे चोर. घरी ठेवावं तर इकडचे. सासूबाईंकडं द्यावं तर त्यांना दिसायचं कमी. जमिनीत पुरावं तर पुरताना कोणीतरी बघणार. शेवटी मालक म्हणले, "एवढी तकलीफ असली तर राहू दे ना जाणं."

मी पीठ मळता मळता हात थांबवला. "राहू द्या," म्हणलं. "मी मेल्यावर न्या. तवा काम असल."

संध्याकाळी धनगराकडून घेतलेली नवी काळी घोंगडी घेऊन बसले, काठ उसवला, आत पाटल्या आणि एकदाणी घातली आणि सुतळीनं असा शिवला की पोत्याला सुद्धा कोणी एवढे टाके घालत न्हाई. मग मला नियम सांगितले. शेतातलं जुनं लुगडं नेसायचं. गळ्यात नुसती काळी पोत. कोणाशी बोलायचं न्हाई. कोणाच्या हातचं खायचं न्हाई, प्यायचं न्हाई. कोणी काही द्यायला आलं की ते खोकतील, खोकले की मी नको म्हणायचं. मी सगळ्याला मान हलवली. जाण्यासाठी मी मुकं व्हायलाही तयार होते.

संक्रांत झाली आणि आमी निघालो. शेत दिराच्या भरवशावर सोडलं. गाडीत मी, माझी धाकटी पोरगी आणि कडबा. पुढं मालक, घोंगडी पांघरून. सकाळी ठीक होतं, थंडी होती. ऊन वर आलं तरी घोंगडी तशीच. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. म्हणलं, "आवो, काढा ती." तर घोंगडी छातीशी धरून माझ्याकडं असं बघितलं, जसं काही चोर मीच आहे.

वाटेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी नाक्यावर आलो. शिपाई खाटेवर बसला होता.

"कहाँ जारे?"

"वाशिम, साब."

"काम क्या?"

"काम... काम न्हाई साब."

"किसके घर?"

"कोणाच्याच न्हाई."

शिपाई उठून उभा राहिला. बिनकामाचा, कोणाच्याच घरी न जाणारा माणूस त्यानं आजवर बघितला नसावा. त्यानं कडब्यात काठी खुपसली. मग घोंगडीकडं बघितलं. "ये कायको ओढा? बुखार है?"

मालक म्हणले, "हाव साब, बुखार." मग त्यांना वाटलं, आजारी माणसाला पलीकडं सोडत न्हाईत की काय. म्हणून लगेच म्हणले, "न्हाई साब, बुखार न्हाई. थंडी." आणि कपाळावरचा घाम पुसला.

माझं उगंच आता नाक्यावरच मरायला लागलं होतं. मी पदर सारखा केला आणि नियम मोडला. "साब, फिरायला चाललो. मालकानं मला कबूल केलंय."

शिपायानं माझ्याकडं बघितलं, घामानं डबडबलेल्या मालकाकडं बघितलं आणि आतल्या माणसाला हाक मारली. "अरे देखो, ये लोगां वाशिम घूमने जारे!" दोघं पोट धरून हसले. वाशिमला फिरायला म्हणजे त्यांच्या लेखी उकिरड्यावर फिरायला. सोडलं आमाला. पण जाता जाता म्हणला, "संभालके रहना. उधर के लोगां बहुत चोर." मालकानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. बघ, सरकारी माणूस सांगून राहिला.

इंग्रजाची बाभळ आमच्यासारखीच होती. मला जरा वाईट वाटलं.

वाशिमात देवळाजवळच्या धर्मशाळेत कोपरा धरला. समोर निळ्या दाराचं घर होतं. एक बाई ओट्यावर घासलेली पितळी भांडी वाळत घालत होती. आमची गाडी सुटलेली बघितली आणि तिनं हंडा आत नेला. मग घागर नेली. मग तांब्यासुद्धा. मला वाटलं, बाई कामाची दिसते, वेळेत आवरते. मी तिच्याकडं बघून हसले. ती हसली न्हाई.

मालकानं खांबाला पाठ लावून बैठक मारली, घोंगडी गळ्यापर्यंत. म्हणले, "हितनं सगळं दिसतं. बस." म्हणजे वाशिम बघायला येऊन मी वाशिमचा एक खांब बघत बसायचं. माझा राग नाकापर्यंत आला होता. तेवढ्यात समोरची बाई ताट घेऊन आली. ताटात हळदकुंकू आणि तिळगूळ.

"कोनाकडं आल्या वं बाई?"

मालक खोकले.

"कोणाकडंच न्हाई," मी म्हणलं.

"मंग काय काम काढलं?"

मालक जोरात खोकले.

"काई न्हाई. उगंच."

"उगंच?" बाईच्या भुवया कपाळात गेल्या. "वाशिमले उगंच?" मग तिला हसू आलं, तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिळगूळ पुढं केला. मालक आता असे खोकत होते की बैल उठून उभे राहिले. पण संक्रांतीचे दिवस, सवाष्णीच्या हातचं कुंकू लावून घ्यायचं आणि तिचा तिळगूळ नको म्हणायचं? तशी बाई आमच्या मुलखात अजून जन्मायची आहे. मी घेतला, तोंडात टाकला, पोरीला दिला. गूळ झकास होता.

"भाऊजीले खोकला बी हाय का?" बाई म्हणली. "घ्या भाऊजी, तीळ गरम रायते." नाइलाजानं मालकानं हात पुढं केला. "मागून खातो," म्हणले. बाई गेली, आणि तिची पाठ वळायच्या आत त्यांनी तो तिळगूळ पायरीवरच्या कुत्र्याला टाकला.

कुत्र्यानं खाल्ला, शेपूट हलवली, दुपारच्या उन्हात अंग ताणलं आणि झोपला.

मालकाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. "बघितलं? आडवा झाला. बघितलं?"

"आवो, दुपारची कुत्री झोपतातच."

"तू खाल्ला. पोरीनं खाल्ला. आता झोपायचं न्हाई. डोळे उघडे ठेव. बोलत राह्य. आपल्या शेताच्या चारी बाजू सांग."

पोरगी चिंचोके खेळत होती, तिला काहीच झालं नव्हतं. पण मी सगळ्या वाटेनं गाडीत हिंदकळत आलेले, डोळ्याला डोळा न्हाई. पोटात गूळ, अंगावर ऊन, पाठीला गार खांब. मी सांगायला लागले, "उगवतीला ओढा... मावळतीला पाटलाची बांधावरची... लिंबाची..." आणि लिंबाखाली माझा डोळा लागला.

"मेली! मेली रे मेली!"

अंगावर अख्खी घागर रिकामी झाली. मी दचकून उठले, समोर मालक, हातात उपडी घागर, अंगावर घोंगडी. कुत्रा दणक्यानं जागा होऊन त्यांच्यावरच भुंकायला लागला. गल्ली जमली. निळ्या दाराची बाई धावत आली. "काय झालं?"

"हिनं घातलं," मालक बाईकडं बोट करून ओरडले. "हिनं तिळगुळात धोतरा घातला!"

मला वाटलं, धरणी फाटावी आणि मालकाला आत घ्यावं. बाईनं कमरेवर हात ठेवले. "धोतरा? माह्या तिळगुळात? अवं, तुमची गाडी आली तवाच आमच्या ह्यायनं सांगतलं, मोगलाईतले लोक आले, भांडे आत घे. तो मानूस भर उनात घोंगडं पांघरून बसला, त्याच्यात सुरा असन म्हने. म्या म्हनलं, असू द्या, बाई बिचारी हासली माह्याकडं, सन हाय, कुंकू लावून येतो. अन् आमीच चोर?"

म्हणजे तो हंडा आमच्यापायी आत गेला होता! नाक्याच्या त्या बाजूला हे चोर, या बाजूला आमी चोर. पळसाला पानं तीनच. गल्लीतले सगळे आता घोंगडीकडं बघत होते. कोणीतरी म्हणलं, "सुरा काढा पयले." एकजण पुढं सरकला. मालक घोंगडी घट्ट धरून मागं सरकले.

ओली चिंब मी उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडले, "सुरा न्हाई त्यात! माझ्या पाटल्या हायेत!"

मालक खाली बसले. चार दिवसांचा खल, दोन दिवसांचा घाम, सगळं मी भर गल्लीत, परक्या मुलखात, शंभर माणसांच्या देखत सांगून टाकलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले, आता काय व्हायचं ते होऊ दे.

झालं एवढंच, की ती बाई हसायला लागली. मग गल्ली हसायला लागली. मग मीसुद्धा, ओल्या लुगड्यानिशी. बाईनं मालकाच्या मुठीतून घोंगडी ओढून घेतली, त्यांनी दिली पण, आणि पायरीवर बसून दातानं सुतळी तोडायला लागली. "किती टाके घातले वं या मानसानं! सवाष्ण बाई, परगावी आलेली, अन् लंकेची पार्वती करून आनली." तिनं पाटल्या काढल्या आणि स्वतःच्या हातानं माझ्या हातात चढवल्या. एकदाणी गळ्यात घातली. तिचं कोरडं लुगडं नेसायला दिलं. "चाला," म्हणली, "उगंच आल्या ना? मंग चाला."

आणि मला वाशिम दाखवलं. देवाचा तलाव, बाजार, लोखंडी गजांच्या माडीचं घर, गोळीच्या बाटलीतलं गोड पाणी, जे नाकात जातं. एके ठिकाणी नुसतं उभं राहून आमी येणारी-जाणारी माणसं बघितली. कोणाला भेटायचं नव्हतं, कोणासाठी रडायचं नव्हतं. हातात पाटल्या वाजत होत्या आणि मागून मालक पोरीला खांद्यावर घेऊन, घोंगडी काखेत दाबून, प्रत्येक माणसाच्या हाताकडं बघत येत होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! पण पाटल्याला कोणी नखसुद्धा लावलं न्हाई. निघताना बाईनं ओटी भरली. म्हणली, "पुन्हा या वं. आशाच, उगंच."

गावात आल्यावर मामासासरे लई नाराज झाले. काहीच चोरीला गेलं न्हाई म्हणजे त्यांच्या शब्दाला किंमत काय राहिली? त्या दिवशी मामीसासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "पागोटं कुठलं चोरानं नेलं? रेल्वेत उशाला घितलं आन् तिथंच इसरले. मला काय माहीत न्हाई!"

पुन्हा कधी उगंच जाणं झालं न्हाई. सासूबाई गेल्या, आणखी पोरं झाली, मोठी झाली. मग निजामाच्या राज्याचं शेवटचं साल आलं. आमच्याकडं धामधूम सुरू झाली. आज हे गाव पेटलं, उद्या ते. ज्या पाटल्या परमुलखातनं नीट घरी आल्या होत्या त्या माझ्या स्वतःच्या अंगणात, दिवसाढवळ्या हातातून ओढून नेल्या. नेणारे अनोळखी नव्हते. त्यातल्या एकाला मी उन्हाळ्यात ताक पाजलेलं होतं. मालकानं तेव्हा काही केलं न्हाई, करण्यासारखं काही नव्हतंही. पोरं गाडीत घातली, बैल जुंपले. मी विचारलं, "कुठं?" त्यांनी नाक्याच्या दिशेला कासरा ओढला. नाक्यावर आमच्यासारख्या गाड्याच गाड्या होत्या. त्या दिवशी कोणाला कोणी विचारलं न्हाई की काम काय.

वाशिमात धर्मशाळा माणसांनी भरलेली. मी निळं दार शोधलं. रंग उडाला होता पण निळं होतं. दार उघडून ती उभी राहिली. केस पिकले होते. मला वाटलं, कुठली ओळखते ती? मी रिकामे हात पदराखाली घेतले. तिनं माझ्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं, मग मालकाच्या अंगावरच्या त्याच काळ्या घोंगडीकडं. आत गेली आणि गूळपाणी घेऊन आली.

पहिला तांब्या तिनं मालकापुढं धरला. आयुष्यभर अनोळखी हाताचं पाणी न पिलेल्या त्या माणसानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला. मग घोंगडी काढली आणि तिच्या ओट्यावर पोरांसाठी अंथरली.

शेजारची एक बाई दारातून डोकावत होती. आमची गाडी, ती बोचकी, पोरांचे चेहरे बघून तिनं विचारलं, "कोन वं हे लोकं? काहून आले?"

मी मान खाली घातली. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून ती म्हणली, "काई न्हाई वं. उगंच आल्या. मीच बोलावलं व्हतं."